मागची चीर

दोघी जावांच्या खुब्याचे सांधे एकाच आठवड्यात बदलले. धाकटीला डॉक्टरांनी पुढून चिरलं, थोरलीला मागून. तिसऱ्या आठवड्यात धाकटी काठीशिवाय भेटायला आली आणि बुटक्या सोफ्यावर ऐटीत बसली. "अगंबाई, अजून वॉकरवरच, ताई?" थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्यासमोर उशा रचलेल्या उंच खुर्चीत बसायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं! ती वॉकर सरकवत सोफ्याकडे निघाली. सून ओरडली, "आई, नको! मागून चिरलंय, इतकं खाली बसलात तर सांधा निखळेल!" "आता तू मला बसायला शिकव!" थोरलीने सोफ्याकडे पाठ केली. गुडघे वाकले, खुब्यात कळ उठली, ऑपरेशनचं टेबल आठवलं. तशी ती ताठ होऊन धाकटीवर कडाडली, "मोठी जाऊ उभी असताना बसतेस? ऊठ आधी!" धाकटी मुकाट उठली. थोरलीचे दोन्ही हात केव्हाच वॉकर सोडून कमरेवर गेले होते.