बांधावरचा माणूस

"तोंड उघडलंस तर मेलास," जयसिंगराव वकिलांनी म्हसूच्या कानात पुन्हा सांगितलं. "तू मारलंस हे त्यांनी सिद्ध करायचं. मारलं नाहीस हे तू सिद्ध करायचं नाही. कळलं?"

म्हसूनं मान हलवली. त्याला काहीच कळलं नव्हतं. पौडच्या कचेरीत तो मॅजिस्ट्रेटसमोर आरोपी म्हणून उभा होता.

माणच्या शिवारात एका संध्याकाळी ज्वारीच्या बांधावर नथू राखणदार डोकं फुटून मेला होता. म्हसूची मेंढरं ज्वारीत शिरली म्हणून त्याच आठवड्यात दोघांची जुंपली होती, आणि ते भांडण सगळ्या गावानं ऐकलं होतं. पण भांडणावरून माणसं फासावर चढवायची तर निम्मं मुळशी रिकामं व्हायचं. त्या संध्याकाळी म्हसू बांधावर होता, एवढंच सरकारला दाखवायचं होतं. ते दाखवता आलं तर खटला पुण्याला सेशन्स कोर्टात जाणार, आणि तिथून म्हसू जिवंत परतेल याची वकिलांना खात्री नव्हती. नाही दाखवता आलं तर आज इथूनच घरी.

'तू तिथं गेला होतास का,' असं वकिलांनी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. उत्तराची त्यांना भीती वाटत होती.

सरकारचा साक्षीदार एकच, शेजारच्या रानातली रत्नाबाई.

"बांधावर म्हसूला पाहिलंत?" वकिलांनी विचारलं.

"व्हय. डोक्यावरनं घोंगडी हुती त्याच्या."

"तोंड पाहिलंत?"

रत्नाबाई घुटमळली. "तोंड... न्हाई जी. दिस बुडाला हुता."

"मग माणमध्ये घोंगडी कुणाकडे नाही, बाई?"

मागं कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद मिटले. वकिलांच्या जिवात जीव आला.

"आरोपीला काही सांगायचंय?" साहेबांनी रिवाज म्हणून विचारलं.

"काही नाही, साहेब," वकील घाईनं म्हणाले.

म्हसू दाराकडे बघत होता. तिथं त्याची आई अंबाबाई उभी होती. तिच्या शेजारी धनगरवस्तीचे जुने पंच बाजीबुवा, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. वस्तीवर पंचायत बसली की ते भंडारा पुढ्यात ठेवत आणि एकदाच विचारत. गप्प बसला तो दोषी. म्हसूनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं. बाजीबुवा टक लावून त्याच्याकडे बघत होते. साहेब विचारतोय आणि आपण मुके!

"खंडोबाच्यान सांगतो, साहेब!" तो ओरडला. "म्या न्हाई मारलं त्याला! म्या बांधावर गेलो तवा त्यो मरूनच पडला हुता!"

वकील मटकन खाली बसले. साहेबांनी मिटलेले कागद पुन्हा उघडले आणि टाक दौतीत बुडवला.

दारात बाजीबुवांनी अंबाबाईच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगंस, अंबे. बोललं पोरगं. सुटलं आता."