ओळखीचं दार

एकच भांडं विरजलं होतं. दुसऱ्यातलं दूध होतं तसंच पातळ, आणि छगनदादा ते हलवून हलवून बघत होते. नागापूरच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या डेअरीत असं कधी घडलं नव्हतं. दूध तेच, विरजण तेच, मग हे एकटंच का रुसलं, असं त्यांनी जयमालाला विचारलं.

जयमाला डेअरीची प्रयोगशाळा सांभाळायची. दह्यातल्या जिवाणूला बी-टू जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, तिने सांगितलं. ते त्याला दुधातून घ्यावं लागतं. त्यासाठी त्याच्या अंगावरच्या पातळ पडद्यात एक दार असतं. दार रूप ओळखतं आणि ओळख पटली की आत घेतं. दुसऱ्या भांड्यात तिने प्रयोग म्हणून त्या जीवनसत्त्वाचा तोतया टाकला होता. रूप जवळपास तेच. दाराने त्याला घरचा समजून आत घेतलं आणि आत जाऊन त्याने सगळं कामकाज बंद पाडलं.

छगनदादा मनापासून हसले.

"जिवानू येडाच म्हनायचा. आमाला फसवून दाखवा कोनी. आडनाव ऐकलं की कूळ सांगतो आमी."

जयमालाही हसली. मुलाखतीत दादांनी एवढंच तर विचारलं होतं. आडनाव जगताप, गाव नेवासा. म्हणजे आपल्यातलीच की, असं म्हणून त्यांनी चार पाव्हणेही जोडून टाकले होते. जगताप मराठ्यांत असतात तसे बौद्धांतही असतात, हे दादांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण समोर खुर्चीत बसून सायन्स बोलणारी मुलगी आपली नसेल, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. ती गप्प राहिली आणि दार उघडलं.

आज तोतयाची मोठी बाटली तिच्या कोटाच्या खिशात होती. पलीकडच्या खोलीत मूळ विरजणाची टाकी. दादांचा विश्वास बसावा म्हणून ते विरजणही तिनेच आणलं होतं. दादांनी हौसेने जुनी सगळी विरजणं बंद केली होती, आता सारं दही त्या एका टाकीवर चालायचं. बाटली तिथे रिकामी केली की डेअरी बसली. त्यासाठीच तर ती इथे नोकरीला आली होती.

जयमाला लहान असताना नेवाशाचं दूध संकलन केंद्र याच छगनदादांकडे होतं. घरी पहिली म्हैस व्याली तेव्हा तिची आई मोठ्या अपूर्वाईने किटली घेऊन रांगेत उभी राहिली. तुमचं दूध आमच्यात मिसळायचं नाही, म्हणत दादांनी सगळ्यांसमोर किटली गटारीत उपडी केली. घरी येऊन आईने उरलेल्या दुधाला विरजण लावलं. ते विरजण तिने आजवर मोडू दिलं नाही, आणि त्या पांढऱ्या गटारीचा राग जयमालाने.

दादांनी विरजलेल्या भांड्यातलं चमचाभर दही तोंडात घातलं आणि मिटकी मारली.

"तुमचं विरजन लई गुनाचं हाय बगा. आमची म्हातारी कडक सोवळ्यातली, पर देवाच्या पंचामृताला तिला हेच दही लागतं. दुसऱ्याला हात लावत न्हाई."

जयमालाचा हात खिशातच थांबला. मग तिने बाटली काढली, मोरीत रिकामी केली आणि वरून नळ सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला आतून गार वाटलं.

दादांनी दुसरा चमचा भरला. विरजण आणलंत तरी कुठून, हे आपण कधी विचारलंच नाही, असं ते म्हणाले.

"माझ्या आईच्या मडक्यातलं. बनुबाई जगताप, नेवाशाच्या बौद्धवाड्यातली. तिचं दूध तुमी गटारीत ओतलं हुतं."

चमचा दादांच्या तोंडातच राहिला. जयमालाने दह्याचं भांडं हलकेच त्यांच्यापुढे सरकवलं.

"आता काय काय ओतनार, दादा?"