वाऱ्याच्या बाजूची भिंत

कालवड पहाटेपासून अडली होती. मार्लिस शेजाऱ्यांच्या गोठ्यात आली तेव्हा ती आडवी पडून होती आणि वासराचे दोन खूर तेवढे बाहेर दिसत होते.

मार्लिसने हात कोटाच्या खिशातच ठेवले. "ओढून पाहिलंत?"

"साखळी लावून ओढलं. मी आणि आर्लीन, दोघांनी." ड्वेनने टोपी मागे सारली. "वासरू थोराड आहे. पोट फाडल्याशिवाय निघायचं नाही. तुला मी काय सांगायचं."

खुरांची जाडी बघूनच तिला ते कळलं होतं. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून तिने वर्षानुवर्षं हेच केलं होतं. थोड्या वेळाचं काम. मायलेकरं दोन्ही वाचली असती. पण दवाखाना बाहेरच्या कंपनीने विकत घेतला, मार्लिसने नोकरी सोडली, आणि तेव्हापासून या भागात तिला जनावराला हात लावायची बंदी होती. रुजू होतानाच तशा करारावर सही घेतलेली होती. मध्ये एकदा कुणाच्या तरी कुत्र्याला तिने फुकटात टाके घातले, तर कंपनीने तिला कोर्टात उभं केलं. पुन्हा असं झालं तर घर आणि कुरण दोन्ही जातील, असं जज्जाने बजावलं होतं.

"दवाखान्यात फोन केलात?"

"केला. एकच डॉक्टर ठेवलाय त्यांनी. तो नदीपलीकडे गेलाय. दुपार होईल म्हणे." ड्वेन जवळ आला. "पोरी, इथं आपण तिघंच आहोत. कुणाला कळणार आहे?"

"टाके दिसतात, ड्वेन. कोर्टात शपथेवर विचारलं, तर खोटं बोलाल?"

उभ्या जन्मात ड्वेन खोटं बोलला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता.

मार्लिस त्याच्यामागच्या भिंतीकडे बघत होती. निवडणूक झाली की प्रचाराचे फलक इथे कुणी फेकून देत नाही. जाड प्लास्टिकचे असतात, वारा अडवायला बरे पडतात. गोठ्याची उत्तरेची बाजू ड्वेनने त्या फलकांनीच बुजवली होती. त्यातला सगळ्यात मोठा फलक शरद ऋतूभर त्याच्याच फाटकावर उभा होता. नोकरदारांना बांधून ठेवणारे असले करार राज्यातून काढून टाकायचे का, असं मतदारांना विचारलं होतं, आणि फलकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: दिलेला शब्द पाळा. नाही म्हणा. राज्याने नाही म्हटलं.

"मला वाटलं, ते शहरातल्या कॉम्प्युटरवाल्यांचं काहीतरी असेल," ड्वेन म्हणाला.

"मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस." त्याने मान खाली घातली. "मी म्हटलं, सही केली तर केली."

आर्लीन, त्याची बायको, कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. या कालवडीची आई बर्फात मेली तेव्हा आर्लीननेच तिला चुलीपाशी ठेवून बाटलीने दूध पाजलं होतं. ती मार्लिसकडे बघतही नव्हती, आणि तेच मार्लिसला जास्त लागलं. खिशात तिची बोटं वळवळत होती. तिला संताप आला होता. त्याहून जास्त लाज वाटत होती.

कालवडीला घरघर लागली.

"दुपारपर्यंत टिकायची नाही," मार्लिस म्हणाली. "पोटातलंही तिच्याबरोबर जाईल."

"मग?"

"जिवंत जनावराला हात लावायची मला बंदी आहे. मेलेल्याबद्दल करारात काही नाही."

ड्वेनला समजायला जरा वेळ लागला. मग तो घरात जाऊन रायफल घेऊन आला. आर्लीनने कालवडीचं डोकं हळूच गवतावर ठेवलं, तिच्या कानामागे एकदा खाजवलं आणि ती बाहेर निघून गेली.

गोळीचा आवाज विरायच्या आत मार्लिसचे हात खिशाबाहेर आले. ड्वेनच्या कमरेचा चाकू तिने उपसला, पोट उभं फाडलं आणि वासरू बाहेर ओढलं. नाकातोंडातला चिकटा काढला, गवताने अंग खसाखसा चोळलं. बराच वेळ काही झालं नाही. मग ते शिंकलं.

"कालवड आहे," ती म्हणाली. कोपरापर्यंत तिचे हात रक्ताने माखले होते.

ड्वेन वळला. भिंतीपाशी जाऊन त्याने त्या मोठ्या फलकाच्या कडेत बोटं घातली आणि जोर लावून ओढलं. एक खिळा सुटून खाली पडला. फटीतून वारा आत घुसला आणि ओलं वासरू कुडकुडू लागलं.

"राहू द्या तो," मार्लिस म्हणाली. "तिला वारा लागतोय."

ड्वेनने गवत चाचपून खिळा शोधला. हातोडी जवळ नव्हती. रायफलच्या दस्त्याने ठोकून त्याने तो पुन्हा होता तिथे बसवला.