कोरडं फडकं

"एस्टिमेटमधून अर्थिंग वगळा," वृंदाताई वायरमनला म्हणाल्या. "घरभर नवीन वायरिंग, त्यात टाइल्सचा खर्च. कुठेतरी हात आखडायलाच हवा. आणि इतक्या वर्षांत इथे कुणालाही शॉक बसलेला नाही."

वायरमनने वाद घातला नाही. बाल्कनीत जाऊन त्याने चालू वॉशिंग मशीनच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

"पत्र्यात करंट उतरतोय, मॅडम. तुम्ही सगळे घरातही स्लिपर घालता, म्हणून कळलं नाही. अनवाणी कुणी हात लावतं का याला?"

वृंदाताईंकडे कपडे धुवायला येणाऱ्या शेवंताबाई हाताला कोरडं फडकं गुंडाळल्याशिवाय मशीनला शिवत नसत. "आमच्या बाईंचं सोवळं भारी कडक," म्हणत वृंदाताईंनी त्यांची हुबेहूब नक्कल केली होती आणि भिशीतल्या बायकांना पोट धरून हसवलं होतं.

तेवढ्यात शेवंताबाई कामाला आल्या.

"शेवंताबाई, या मशीनचा शॉक बसतो तुम्हाला?" वृंदाताईंनी विचारलं.

"झिणझिण्या येतात जरा. फडकं घेतलं की नाही येत."

वृंदाताईंची नजर त्यांच्या अनवाणी पायांवर गेली. "काम करताना चपला नसतात तुमच्या पायात?"

शेवंताबाई एकदम घाबरल्या. "नाही हो ताई, शपथेवर सांगते! पहिल्या दिवशी तुम्ही दम दिलात, तेव्हापासून बाहेर जिन्यातच काढते मी. आत कधीच आणल्या नाहीत."