खालचा परत आला तर

मांजरीचं पिल्लू उताणं पडलं होतं आणि कुत्रा त्याच्या मानेवर तोंड ठेवून गुरगुरत होता. सुनेचा जीव वरखाली झाला.

“डॉक्टर, बघा! रोज हेच. एक दिवस हा त्याचा जीव घेईल.”

कुत्र्याला लस टोचायला घरी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आपली पेटी शांतपणे बंद केली. “वरच्याला धरून ठेवा,” त्या म्हणाल्या. “खालचा पळाला तर भांडण. परत आला तर खेळ.”

सुनेने पट्टा धरून कुत्र्याला मागे ओढलं. पिल्लू सुटलं. पळायला अख्खं घर मोकळं होतं. पण त्याने अंग झटकलं, ते तुरुतुरु माघारी आलं आणि त्याने कुत्र्याच्या नाकावर एक चापट ठेवून दिली. डॉक्टरीणबाई हसत निघून गेल्या.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बुद्धिबळाचा पट उलटला.

“या माणसाला घराबाहेर काढा!” सासरे कडाडले.

समोर त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, मिशीतल्या मिशीत हसत होते. हरले की सासरे हेच ओरडत, आणि हरत तर ते रोजच. पण हल्ली त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं होतं. म्हणून सुनेनेच मनावर दगड ठेवून काकांच्या मुलीला फोन केला होता. ती आज दुपारी काकांना कायमचं आपल्याकडे न्यायला येणार होती. बॅग दाराशी तयार होती. ती भरताना सुनेला रडू आवरलं नव्हतं. काकांवर तिचा फार जीव होता, पण सासऱ्यांच्या तब्येतीपुढे ती काय बोलणार?

सोंगट्या गोळा करता करता ती थबकली. कुत्र्याचा पट्टा अजून तिच्या हातातच होता.

“काका, जरा आत या. वाटाणे सोलायचेत.”

काका आत आले. तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

बाहेर सासऱ्यांना हवी तशी शांतता मिळाली. आरामखुर्ची होती, पेपर होता, डोक्यावर पंखा होता. पेपर एकदा सळसळला. मग पुन्हा सळसळला. मग खुर्ची करकरली आणि दार किलकिलं झालं.

“पाणी हवंय,” सासरे म्हणाले. पाण्याची भरलेली बाटली त्यांच्या हातातच होती.

त्यांनी काकांकडे तिरप्या नजरेने पाहिलं. “सोलतोयस की खातोयस रे?” आणि भांड्यातला एक वाटाणा उचलून, नेम धरून, त्यांनी काकांच्या नाकावर मारला.

सुनेने काकांच्या मुलीला फोन लावला.

“ताई, नको येऊस.”

“का गं? पुन्हा भांडले?”

“हो ना,” दाराशी बसून बॅगेची चेन उघडत सून म्हणाली, “आणि मी वेडी त्यांना सोडवायला निघाले होते!”