पुढचं वाक्य

स्वयंपाकघराचं दार लोटून दोघं भावंडं कुजबुजत तालीम करत होती. धाकटी बहीण आईची भूमिका करत होती.

“आई, डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात गाठ दिसतेय,” थोरला म्हणाला.

“इथे ती रडेल. तू हात धर. लगेच म्हण, घाबरायचं काही कारण नाही.”

“आणि कॅन्सर?”

“तो नंतर. तोही ‘बहुतेक’ लावून. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय नक्की नाही, असंच म्हणालेत ना ते?”

भिंतीलाही कान असतात म्हणतात. या घरात भिंतीची गरज नव्हती. पलीकडच्या खोलीत मटार सोलत बसलेली आई उभं आयुष्य नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत बसून अडलेल्या नटांना पुढचं वाक्य सांगायची. हल्ली टीव्हीचा आवाज तिला पुरत नसे, पण कुजबुज कुठूनही कळायची. आणि तिच्या पोटची ही शहाणी पोरं तिच्यापासून लपवायला कुजबुजत होती!

थोरला बाहेर आला. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. धाकटी दारातच थांबली.

“आई, डॉक्टर म्हणाले...”

एवढं झालं आणि त्याची बोबडी वळली. सकाळपासून घोकलेलं पुढचं वाक्य आठवेना.

आईनं मान वर केली नाही. शेंग सोलता सोलता हलकेच म्हणाली, “फुफ्फुसात गाठ दिसतेय.”

“फुफ्फुसात गाठ दिसतेय,” तो म्हणून गेला. मग दचकला.

“बहुतेक...” आईनं पुढचा शब्द पुरवला.

“बहुतेक कॅन्सर आहे,” तो म्हणाला, आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

“‘घाबरायचं काही कारण नाही’ राहिलं की. मधलं वाक्य खाल्लंस.” आईनं परात बाजूला सारली. नव्या नाटकाचं पहिलं वाचन असावं तशी ती पुढे सरकून बसली. “केवढी आहे रे गाठ?”

“लिंबाएवढी. डावीकडे.”

“लिंबाएवढी! मग दुखत कशी नाही? आणि तो तुकडा काढतात कसा? सुईनं? जागं ठेवतात का? मला बघू देतील?”

“आई, काय हे!” धाकटी दारातून म्हणाली.

“अगं, प्रत्येक नाटक मला शेवटापर्यंत पाठ असायचं. पडदा उघडायच्या आधी मला ठाऊक, कोण मरणार ते. पहिल्यांदाच पुढचं पान माझ्याकडे नाही. उत्सुकता वाटणार नाही तर काय?” मग तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “बरं, तुमच्या तालमीत मी रडते. तेही ऐकलं. पुढे मी काय म्हणते?”

आईसाठी त्यांनी एकही वाक्य ठेवलं नव्हतं.

आई गप्प झाली. सोललेली शेंग हातात तशीच राहिली. धाकटी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात थोरल्यानं हात आडवा केला. लहानपणी दोघं विंगेत आईच्या पायाशी बसत, तेव्हाचा तिचा नियम त्याला आठवला होता. नट थांबला म्हणजे विसरला असं नाही. त्याचे डोळे विंगेकडे वळले तरच बोलायचं.

ती दोघं थांबली. आई खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. आईचे ओठ एकदा उघडले आणि मिटले. मग तिचे डोळे हळूहळू वळले, दारात उभ्या असलेल्या धाकटीकडे.

धाकटीला रडू फुटत होतं. तरी तिनं ते गिळलं आणि आईच्याच पद्धतीनं, ओठ हलले न हलले इतक्या हळू म्हटलं, “मला भीती वाटते.”

आईनं मान डोलावली. ताठ बसली. उभ्या आयुष्यात विंगेतून कधी काढला नव्हता असा आवाज तिनं काढला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

“मला भीती वाटते.”