शेलच्या पोटातल्या कमांड

“बाईंच्या हातून झालं असणार. सकाळी त्याच बसल्या होत्या त्या मशीनवर,” तो फोनवर बोलून गेला.

पलीकडे अधीक्षक डॉक्टर होते. लॅबचे रिपोर्ट हॉस्पिटलच्या एकाही वॉर्डात उघडत नव्हते आणि थिएटरबाहेर दोन पेशंट स्ट्रेचरवर खोळंबले होते. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान तापले होते. बाई सकाळी बसल्या होत्या हे खरंच होतं. पण त्या दहाला उठल्या होत्या. साडेअकराला त्या खुर्चीत तो स्वतः होता.

लॅबचे रिपोर्ट पुरवणाऱ्या त्या मशीनवरच्या जुन्या फायली पुसायला बसला होता. कमांड लिहिताना मधे एक स्पेस जास्त पडली. लिहिलेलं पुन्हा वाचून बघायची तसदी कोण घेतो? कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख तर नाहीच नाही. त्याने एन्टर दाबलं आणि मशीनवरच्या सगळ्या प्रोग्रामचा फोल्डरच साफ झाला. मग काहीही टाइप केलं तरी एकच उत्तर येऊ लागलं. यादी दाखव म्हटलं, कमांड सापडली नाही. कॉपी कर म्हटलं, कमांड सापडली नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हे काम त्याला बाईंनीच शिकवलं होतं. त्या निवृत्त झाल्या, तो प्रमुख झाला आणि आता त्या करारावर त्याच्याच हाताखाली होत्या. कराराची मुदत महिनाअखेरीला संपत होती. घरी नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, मिळवणाऱ्या त्या एकट्या. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी त्याची जीभ जरासुद्धा कचरली नाही.

पाच मिनिटांत बाई धापा टाकत आल्या. पाठोपाठ डॉक्टर.

“अरे, ही खिडकी बंद नाही ना केलीस?” स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीकडे बघत बाईंनी विचारलं.

“नाही बाई.”

“बरं केलंस. बंद झाली असती तर पुन्हा उघडली नसती.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्मा पुसला. आणि त्याला एकदम आठवलं. त्या काळ्या खिडकीत आपण लिहिलेलं ऐकणारा जो प्रोग्राम असतो, तो शेल, सांगितलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवतो. नुसतं ‘हिस्टरी’ टाइप केलं की सगळी यादी समोर येते. त्याची ओळ त्या यादीत होती, जास्तीच्या स्पेससकट. पुसायला दोन सेकंद पुरले असते, पण ते सुचलं नाही आणि आता की-बोर्ड बाईंकडे होता. त्याला तिकडे बघवेना. पाठ फिरवून तो वॉर्डांचे फोन घेत उभा राहिला.

मागे की-बोर्ड वाजू लागला.

“काहीच चालत नाही म्हणत होते हे,” डॉक्टर म्हणाले.

“चालतं थोडं. ज्या कमांड बाहेरून बोलवाव्या लागतात त्या गेल्या. शेलच्या स्वतःच्या पोटात काही असतात, त्या कुठे जातात? आता यादी दाखवणारी नाही, तर एकोला कामाला लावायचं. तिचं काम सांगितलेलं परत बोलून दाखवायचं, पण नीट विचारलं तर फोल्डरातली नावंही वाचून दाखवते.”

हे त्यालाही सांगितलं होतं बाईंनी, पहिल्याच आठवड्यात. तेव्हा तो गालातल्या गालात हसला होता. असल्या अडगळीचा कधी उपयोग होणार, म्हणून.

बाईंनी शेजारच्या मशीनवरून एक छोटा प्रोग्राम आकड्यांच्या ओळी करून मागवला आणि पोटातल्या त्या चार-दोन कमांडच्या जोरावर ओळीओळीने इकडे लिहून काढला. तो छोटा प्रोग्राम चालू झाल्यावर बाकीचे प्रोग्राम त्यानेच ओढून आणले. चाळीस मिनिटं लागली. थिएटरमधून फोन आला, रिपोर्ट दिसतायत. त्याचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी बाईंचे आभार मानले. मग जरा घुटमळले.

“बाई, मला वर लिहून कळवावं लागेल. हे झालं कुणाच्या हातून?”

“माझ्या,” बाई म्हणाल्या. “लिहा तसं.”

“तुमच्या कराराची फाईल याच आठवड्यात येणार आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

त्याने तोंड उघडलं. डॉक्टर, तो मी होतो, एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. “फोन येतोय वाटतं,” असं काहीतरी पुटपुटून त्याने बंद फोन कानाला लावला. डॉक्टर गेले. बाईंनी पर्स उचलली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, “जेवून घे रे. सकाळपासून उपाशी दिसतोस.”

खोलीत तो एकटा उरला. म्हणजे बाईंनी यादी बघितलीच नव्हती. सकाळी आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची इतकी लाज वाटली की भिंतीवरच्या घड्याळाकडेही बघवेना. तरी तो बसला. लाज वाटत असतानासुद्धा माणूस आपली ओळ तेवढी पुसून घेतो.

त्याने हिस्टरी टाइप केलं. यादी आली. मधोमध त्याची ओळ होती. तिच्याखाली त्याची तडफड, एकवीस वेळा. त्याखाली बाईंचं काम सुरू होत होतं, एको, रीड, पुन्हा एको, पानभर.

बाईंच्या त्या कामाच्याही आधी, चष्मा पुसून झाल्यावर बाईंनी लिहिलेली पहिलीच ओळ होती, हिस्टरी.